तिसऱ्या सिलेंडरचं काय झालं

बासष्ट. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे हा आकडा माझ्या डोक्यात ठाण मांडून होता. बाबांच्या पद्मिनीच्या तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन होतं ते. बाकीचे तीन सिलेंडर ११५ ते ११८ पाउंड दाखवत होते आणि हा एकटा ६२. दोन महिने गॅरेजमध्ये राहून, नवे पिस्टन आणि नव्या रिंगा घालून आलेल्या इंजिनाचा हा आकडा. चूक कुणाची हे माझ्या मते उघड होतं.

आधी गाडीबद्दल. आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. बाबांनी ती १९९२ मध्ये जुनीच घेतली, म्हणजे ती घरात माझ्याआधी आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून तयार व्हायची, तेव्हा नाव होतं फियाट ११०० डिलाइट. चितोडच्या राणीचं नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. तरी आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे हीच गाडी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून बंद झाली, त्या दिवशी बाबांनी बातमी दोनदा वाचली आणि संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसली.

त्यानंतर वर्षभरातच आमची गाडी निळा धूर सोडायला लागली. पीयूसीवाल्याने हात जोडले. बोअर झिजला होता. १९९२ पासून या गाडीला ज्यांनी हात लावलाय ते एकच, नाना. पुण्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सकाळी तिथे चहाला जातात. गाडीचं काही काम असो-नसो.

नानांनी इंजिन उतरवलं. ते या सगळ्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात आणि मी एकदाच दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पुन्हा नाही. ब्लॉक लेथवर जाऊन बोअर वीस थाउ मोठा होऊन आला. त्या मापाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. व्हॉल्व्ह घासून बसवले. ४८ हजार ठरले होते. ३६ देऊन झाले, १२ हजार पाचशे किलोमीटर झाल्यावर द्यायचे. गाडी देताना नाना म्हणाले, “पाचशे होईपर्यंत पंचेचाळीसच्या वर नेऊ नकोस. मग ये. हेड परत टाइट करू, टॅपेट बघू. टॅपेट मुद्दाम जरा सैल ठेवलेत, व्हॉल्व्ह अजून बसायचेत. वाजतील. वाजू दे.”

आणि ते वाजले. विशेषतः तिसऱ्याच्या बाजूला. टक-टक-टक, शिवणयंत्रासारखं. ४८ हजारांच्या इंजिनाने असं वाजावं हे काही मला पटेना. दीडशे किलोमीटर झाले तेव्हा एका रात्री मी व्हिडिओ बघितले, वरचं कव्हर काढलं आणि तिसऱ्या सिलेंडरच्या दोन्ही टॅपेटचा गॅप स्वतः सेट केला. माप कुठून आणलं? बाबांच्या गाडीच्या डायरीतून. पहिल्याच पानावर त्यांच्या बारीक अक्षरात होतं: इनलेट ४, एक्झॉस्ट ६. मी ऑनलाइन फिलर गेज मागवला होता. पात्या निवडल्या, स्क्रू फिरवले, लॉकनट आवळले. सकाळी गाडी चालू केली तर टकटक गायब. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन बनेश्वरला निघालो. कात्रजचा जुना घाट अर्धा चढल्यावर गाडीने दम सोडला. मिसिंग मारायला लागली, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज. दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. कडेला लावून बॉनेट उघडलं तर इंजिन जागेवर थरथरत होतं. बाबा म्हणाले, “परत फिरू.” उतारावर गाडी शहाण्यासारखी आली, त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्रेशन गेज मागवला. हे मोजमाप कशाचं असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या इंजिनाची क्षमता १०८९ सीसी, म्हणजे प्रत्येक सिलेंडरच्या वाट्याला साधारण २७२. पिस्टन खाली येताना हवा-पेट्रोल आत घेतो आणि वर जाताना ते सुमारे सातपट कमी जागेत दाबतो. तेव्हा इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. रिंगांनी खालची बाजू धरायला हवी, हेड गॅस्केटने वरचा सांधा. यांतलं एक जरी सुटलं तरी हवा निसटते. नीट दाबलं नाही तर स्फोटात जोर नाही. म्हणून प्लग काढून त्या भोकात गेज लावायचा, स्टार्टर मारायचा आणि काटा कुठे जाऊन थांबतो ते बघायचं. या जातीचं इंजिन धडधाकट असेल तर ११०-१२० पाउंडांच्या आसपास यावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलेंडर जवळपास सारखे यावेत.

माझ्या पहिल्या चाचणीत आले ७०, ६८, ४०, ७०. सगळेच मेलेले. मी चारही आकड्यांचे फोटो नानांना पाठवले आणि खाली लिहिलं, ‘हे बघा तुमचं काम.’ दोन मिनिटांत त्यांचा फोन. “सेल्फ मारताना एक्सलेटर पूर्ण दाबून धरला होतास?” नव्हता धरला. कार्बोरेटरची झडप बंद असेल तर सिलेंडरला हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? “आणि चारही प्लग काढले होते का? बॅटरी फुल होती?” तेही नाही. म्हणजे मी इंजिन मोजलंच नव्हतं, माझा अडाणीपणा मोजला होता.

दुसऱ्यांदा नीट केलं. गाडी वीस मिनिटं चालवून गरम केली, कॉइलची वायर काढली, चारही प्लग बाहेर, शेजारचा मुलगा एक्सलेटरवर. ११८, ११६, ६२, ११५.

मी नानांना बोलावलं. ऑफिसचा पहिला कॉल नऊला असतो, म्हणून सकाळी आठला. ते आपला जुना, काच पिवळी पडलेला गेज घेऊन स्कूटरवर आले. तिसऱ्याला लावला. १०८. पुन्हा लावला. १०८. “नव्या रिंगांना ठीक आहे,” ते म्हणाले. “अजून बसतील.” मी माझ्या मोबाइलमधला ६२ चा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “तू काही उघडलं होतंस का?”

इथे थांबतो. कारण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि काहीही बंद पडलं की हाच आमचा पहिला प्रश्न असतो: शेवटचं काय बदललं? आणि समोरून शंभरातल्या नव्वद वेळा जे उत्तर येतं त्यावर आम्ही चहाच्या वेळी हसतो. ‘काहीच बदललं नाही.’

मी म्हणालो, “नाही. कव्हर पुसलं फक्त.”

खोटं बोलायचं असं ठरवून बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं की टॅपेट म्हणजे काही इंजिन उघडणं नव्हे. पण कव्हर पुसलं हे वाक्य सुचलं, त्याअर्थी कुठेतरी मला माहीत होतं.

नाना म्हणाले, “गरम करून परत बघू. अर्धा तास लागेल.” माझा कॉल होता. मी म्हणालो, “गरम करून मी बघितलंय की. तुमचा गेजच जुना झालाय.” आणि मग, न विचारता, “बाकीचे बारा हजार हे नीट झाल्यावर.” आईने चहा आणला होता. त्यांनी कप घेतला नाही. गेज फडक्यात गुंडाळला आणि गेले. त्या शनिवारी बाबा गॅरेजला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला काही म्हणाले नाहीत. पेपर मात्र त्या दोन शनिवारी दुपारपर्यंत पुरला.

मी नानांना चूक ठरवण्याच्या कामाला लागलो. ते काम मला चांगलं जमतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं.

पहिला संशय रिंगांवर. रिंगा चुकीच्या बसल्या असतील, तुटल्या असतील. त्याची चाचणी सोपी आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सिलेंडरमध्ये सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. तेल पिस्टनभोवती पसरून रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. गळती तिथून असेल तर आकडा एकदम वर उडी मारतो. माझा ६२ वरून ६५ झाला. म्हणजे रिंगा निर्दोष.

दुसरा संशय हेड गॅस्केटवर. पण शेजारी-शेजारी असलेल्या दोन सिलेंडरमध्ये गॅस्केट फाटलं तर दोघांचाही आकडा पडतो. इथे दुसरा आणि चौथा ठणठणीत. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइलमध्ये पाणी नाही. गॅस्केटही सुटलं.

तिसरी चाचणी करायला गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. तिसरा पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशा जागी आणला. गाडी टॉप गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवेच्या जोराने पिस्टन खाली पळतो. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावत फिरलो. कार्बोरेटरमधून आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय. ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. पंक्चरवाला मागे उभा होता, तोच ओरडला, “साहेब, सायलेन्सरमधून फुसफुसतंय.” एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत नव्हता.

झालं. व्हॉल्व्ह नीट घासला नाही. नानांचंच काम. मी मेसेज लिहायला घेतला. पुराव्यासकट, तारखांसकट, ऑफिसात लिहितो तसा. आणि पुराव्यांची यादी करताना एक नोंद कुठेच बसेना. नानांचा १०८.

त्यांचा गेज बिघडलाय असं मी त्या दिवशी म्हणालो होतो, पण तपासलं कुठे होतं? रविवारी सकाळी सातला, गाडी रात्रभर थंड असताना, मी माझा स्वतःचा गेज तिसऱ्याला लावला. १०७. मी तिथेच जमिनीवर बसलो. मग गाडी गरम करून आलो. ६३. तोच गेज, तोच सिलेंडर, मधे फक्त पाऊण तास.

दोघांचेही आकडे खरे होते. त्यांनी थंड इंजिन मोजलं होतं, मी गरम. नीट न घासलेला व्हॉल्व्ह थंडीत साधू आणि उन्हात चोर होत नाही, तो दोन्हीकडे गळतो. गरम झाल्यावरच गळायचं असेल तर कारण एकच. धातू तापला की वाढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर जळत्या वायूंच्या तोंडावरच असतो, त्याची दांडी वाढते. तिला वाढायला जागा हवी म्हणून रॉकर आणि दांडीच्या टोकात किंचित फट ठेवतात. ती फट नसेल तर वाढलेली दांडी रॉकरला टेकते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसायच्या आधीच अडकून थोडा उघडा राहतो. त्यातून नवा घासलेला व्हॉल्व्ह सुरुवातीला आपल्या जागेत थोडा आत बसतो, त्यानेही फट कमी होते. म्हणून तर नानांनी टॅपेट मुद्दाम सैल ठेवले होते. टकटक हा त्या फटीचा आवाज होता. मी तो बंद केला होता.

गरम इंजिनाचं कव्हर पुन्हा काढलं. एक्झॉस्टच्या रॉकरखाली गेजची सगळ्यात पातळ पातीही शिरेना. पण मी तर डायरीतल्या मापाने केलं होतं! डायरी आणली. इनलेट ४, एक्झॉस्ट ६. माझ्या पात्यांवर ०.०४ आणि ०.०६, हेच तर वापरलं होतं. बाबा पायऱ्यांवर उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

“हे चार म्हणजे काय?” मी विचारलं.

“चार थाउ,” ते म्हणाले. “दुसरं काय असणार?”

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक इंच २५.४ मिलिमीटर. म्हणून चार थाउ म्हणजे ०.१० मिलिमीटर आणि सहा थाउ म्हणजे ०.१५. मी ०.०४ आणि ०.०६ मिलिमीटर ठेवलं होतं, हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. थाउ हा शब्द मी नानांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. बोअर ‘वीस थाउ’ मोठा करून आला तेव्हा मीच रिक्षातून ब्लॉक आणला होता. १९९९ मध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ जाऊन नष्ट झालं, कारण एका प्रणालीने आकडे पाउंडात दिले आणि दुसरीने ते न्यूटनमध्ये धरले. ही गोष्ट मी ऑफिसात नव्या मुलांना सांगतो. एककाशिवाय आकडा लिहू नका, वाचू नका, असं बजावतो.

बाबा म्हणाले, “तू टॅपेटला हात लावलास, हे त्याला सांगितलं होतंस?”

मी काही बोललो नाही. ते वर गेले.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माप चुकण्याची नाही. मापं चुकतात. तीन आठवडे मी अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने एका माणसाविरुद्ध तपास केला. रिंगा तपासल्या, गॅस्केट तपासलं, व्हॉल्व्ह तपासला. संशयितांच्या यादीत मी स्वतःला घेतलंच नव्हतं. प्रत्येक चाचणी बरोबर होती आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोटं होतं. नानांना ते उत्तर खरं मिळालं असतं तर त्यांना गेजसुद्धा लागला नसता.

सोमवारी रजा टाकून गॅरेजला गेलो. नाना एका रिक्षाखाली होते. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. डायरी, ०.०६, थंड असतानाचा १०७, गरम झाल्यावरचा ६३. ते रिक्षाखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “कव्हर पुसलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणालो. “आतून.”

ते हसले नाहीत. पण स्टूल माझ्याकडे सरकवलं.

नुसता गॅप ठीक करून भागतंय का ते आधी पाहिलं. गरम इंजिनावर ९६ आले. सुधारणा होती, पण पुरेशी नाही. “कड भाजली असणार,” नाना म्हणाले. हेड काढलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूला करपली होती, नखाएवढ्या जागेत. व्हॉल्व्ह सीटला टेकतो तेव्हाच आपली उष्णता हेडला देतो. अर्धवट उघडा राहिला की ती त्याच्यातच साठते आणि वरून जळता वायू त्या फटीतून मारा करतो. आणखी दोनेकशे किलोमीटर चालवली असती तर व्हॉल्व्ह फेकावा लागला असता. त्यांनी पेस्ट लावली, दांडीच्या टोकाचा रबर व्हॉल्व्हला चिकटवला आणि दोन तळहातांमध्ये रवीसारखी दांडी फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती माझ्या हातात दिली. “दाबायचं नाही. फिरवायचं.” खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो, तोपर्यंत फिरवायचं. मला चाळीस मिनिटं लागली. ते अधूनमधून व्हॉल्व्ह पुसून कडेवरचा राखाडी पट्टा बघत आणि परत देत. शेवटी पट्टा अखंड गोल झाला.

नवं गॅस्केट, हेड, टॅपेट. यावेळी पाती त्यांनी निवडली आणि मला वाचायला लावली. संध्याकाळी गरम इंजिनावर, एक्सलेटर पूर्ण दाबून, दोघांचेही गेज लावून मोजलं. पिवळ्या काचेचा आणि माझा, दोन्हीत दोन पाउंडांचा फरक निघाला. माझ्या गेजवर ११७, ११६, ११४, ११५.

बारा हजार दिले, त्यावर गॅस्केटचे आणि मजुरीचे. मजुरी ते घेत नव्हते. मी बाबांना फोन लावून दिला, मग घेतली. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, नाना फक्त तीनदा “बरं” म्हणाले. शनिवारी बाबा सकाळी साडेआठलाच बाहेर पडले.

डायरीच्या पहिल्या पानावर, ४ आणि ६ च्या पुढे, मी ‘थाउ’ लिहिलंय, आणि खाली मिलिमीटर. नव्या पानावर चारही आकडे, तारीख, आणि ‘इंजिन गरम’. त्याखाली एक ओळ आहे जी नानांनी वाचून मान हलवली: ‘१५० कि.मी. ला तिसऱ्याचे टॅपेट मी आवळले होते.’

गाडी आता बाराशे किलोमीटर चाललीय. बनेश्वरला दोनदा जाऊन आलो, घाट तिसऱ्या गिअरमध्ये. तिसऱ्याच्या बाजूला अजूनही टकटक वाजतं. वाजू दे.